डीजेला गाण्यांची यादी कशी द्यावी: नागपूरच्या लग्नघरासाठी

पत्रिकेवर गोरज मुहूर्त ६ वाजून ५२ मिनिटांचा छापलेला असतो. जानवशाहून वरात निघायलाच साडेसहा होतात, लॉनच्या दारात ती आठला पोचते, मंगलाष्टकं साडेआठला सुरू होतात. हार घालून, पाया पडून, दोन्हीकडच्या नातेवाइकांचे फोटो निघेपर्यंत नऊ वाजून गेलेले असतात, आणि दहाला आवाज बंद. ज्या नाचासाठी घरातल्या पोट्ट्यांनी महिनाभर ग्रुपवर ८० गाणी गोळा केली, त्याच्या वाट्याला ५० मिनिटं येतात.

डीजे एक गाणं पूर्ण वाजवत नाही. मुखडा, एखादा अंतरा, पुन्हा मुखडा, असं करत दोन ते अडीच मिनिटांत तो पुढच्या गाण्यावर जातो. ५० मिनिटांत २० गाणी बसतात. ८० ची यादी हातात दिली की निवड डीजे करणार, आणि नवरीच्या आत्याचं आवडतं गाणं नेमकं उरलेल्या ६० मध्ये राहणार. म्हणून यादी करायला बसताना पहिल्या ओळीत गाणं लिहू नका. "१०.००, आवाज बंद" असं लिहा आणि तिथून मागे मोजत या.

दहाचा हिशोब

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागेत, आतल्या लोकांपुरता आवाज चालतो. लॉन ही बंदिस्त जागा नाही, तिथे मांडव घातला म्हणूनही होत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती सवलत आपल्या लग्नाची आहे असं कुणी समजू नये. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. उघड्यावर स्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. ती लॉनवाला काढणार, डीजेवाला काढणार की घरचे, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने काढली असेल, आणि लग्नाच्या संध्याकाळी ती कुणाकडेच नसते.

पोलीस येऊन वायर काढायला लावतात तेव्हा जे गाणं चालू असतं, तेच लग्नाचं शेवटचं गाणं ठरतं. सगळ्यात लाडकं गाणं "शेवटी वाजवू" म्हणून राखून ठेवलेलं असतं आणि ते वाजतच नाही. ते ९.३० ला वाजवा. शेवटचं गाणं ९.५० ला सुरू व्हावं, ५५ ला आवाज हळूहळू खाली यावा.

वेळेनुसार गाणी वेगवेगळी

एकच लांबलचक यादी देऊ नका. हळद, वरात, लग्न लागताना, जेवण आणि नाच असे पाच कागद करा. प्रत्येक कागदावर किती गाणी मावतील ते वरच लिहून टाका.

हळद उन्हाळ्यात असेल तर गाणी कमीच ठेवा. एप्रिल-मे महिन्यात नागपुरात पारा ४४-४५ ला जातो. पत्र्याच्या किंवा कापडी मांडवाखाली दुपारी दोन-तीन गाण्यांपलीकडे कुणी नाचत नाही, आणि लॅपटॉप, अॅम्प्लिफायर तापून आपोआप बंद पडतात. शक्य असेल तर हळदीचा डीजे पाचनंतर ठेवा. नसेल तर त्याचं टेबल घराच्या पक्क्या सावलीत, भिंतीला न चिकटवता लावा आणि कूलरची हवा माणसांसोबत यंत्रालाही मिळू द्या, फक्त कूलरचे तुषार त्यावर उडणार नाहीत इतक्या अंतरावरून. हळदीच्या कागदावर १५ मिनिटांची एक मोकळी जागा सोडा: तेवढ्या वेळात घरातल्या बाया स्वतः हळदीची गाणी म्हणतील. डीजे चालू असला की त्या गात नाहीत, आणि ज्यांना ती गाणी पाठ आहेत अशा बाया दर लग्नाला कमी होत चालल्या आहेत.

वरातीचा कागद सगळ्यात काळजीने करावा लागतो, कारण वरात चालायची असते हे यादी करणाराच विसरतो. नाचत नाचत एक किलोमीटर जायला पाऊण ते एक तास लागतो. रस्त्यावर फार उड्या मारायला लावणारं गाणं लागलं की गर्दी जागच्या जागी थांबते, मागे गाड्या अडकतात, आणि मुहूर्त टळतो. चालतानाची गाणी मध्यम लयीची घ्या, मिनिटाला साधारण ९५ ते १०५ ठोक्यांची, ज्यावर पाऊल टाकत पुढे सरकता येतं. लॉनच्या कमानीपासून ५० मीटरवर पोचल्यावर दणदणीत गाणं लावा, तिथे लोक हवे तेवढे थांबू देत. चौकात कोणतंही नवं गाणं सुरू करू नका. जुनंच चालू ठेवून चौक ओलांडा.

दवाखाने, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं. मेडिकल चौक, मेयो रुग्णालयाचा परिसर हे सगळ्यांना ठाऊक असतं; धंतोली-रामदासपेठेत मात्र दवाखान्याला दवाखाना लागून आहे आणि तिथून वरात नेणं म्हणजे बहुतेक वाट मुक्यानेच चालणं. वरातीच्या मार्गावर दुचाकीने एक फेरी मारा, कुठे आवाज बंद करायचा ते कागदावर खुणेसह लिहा, आणि तो कागद डीजेची गाडी चालवणाऱ्याच्याही हातात द्या. डीजे मागे बसलेला असतो, समोर काय आलं ते आधी ड्रायव्हरला दिसतं.

वरातीत डीजेऐवजी संदल किंवा धुमाल (नागपूरकडच्या ताल वाजवणाऱ्या पार्ट्या) असेल तर फर्माईशीचा नियम बदलतो. तिथे शब्द नसतात. कॅसिओवर धून आणि बाकी सगळा ताल. म्हणून नुसती चाल ऐकून ओळखू येणारंच गाणं मागा. ज्या गाण्याची सगळी गंमत बोलांत आहे, ते धुमालवर सपाट वाजतं आणि घरच्यांना वाटतं की पार्टीला वाजवता येत नाही. त्यांना नवी गाणी बसवायला वेळ लागतो, तेव्हा "तुमच्याकडे काय बसलंय?" हे आधी विचारा, त्यातली ८-१० निवडा, आणि नवं हवंच असेल तर एक, तेही १५ दिवस आधी सांगा.

लग्न लागताना डीजे पूर्ण बंद. एका माणसाला अंतरपाटाजवळ उभं करा. शेवटचं "सावधान" झालं, अक्षता पडल्या की त्याने हात वर करायचा आणि डीजेने सनई-चौघडा लावायचा. नुसत्या कानावर विसंबून चालत नाही. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी "शुभमंगल सावधान" येतं, आणि दूर उभ्या असलेल्या डीजेला कुठलं शेवटचं ते कळत नाही. चौथ्यालाच सनई वाजली की भटजींपासून वरमाईपर्यंत सगळे चुळबुळतात. बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण, पंचशील आणि वंदना चालू असताना माइकशिवाय काहीही चालू नसावं. भीमगीतं वरातीत किंवा स्वागताला ठेवायची असतील तर ती सलग चार-पाच एकत्र ठेवा. दोन उडत्या फिल्मी गाण्यांच्या मध्ये एखादं भीमगीत कोंबणं ज्येष्ठांना खटकतं, आणि त्यांचं खटकणं रास्त आहे. भक्तिगीतांचंही तसंच.

जेवणाच्या कागदावर एकच ओळ पुरते: बासरी, संतूर किंवा जुन्या गाण्यांच्या वाद्यधुनी, आणि आवाज इतका की समोरच्याला "अजून वाढू का?" हे न ओरडता विचारता यावं.

नाचाची २० गाणी

आता मुख्य काम. घरच्या ८० गाण्यांतून २० काढायची, त्यातलीही १२ आपली आणि ८ डीजेसाठी मोकळी. मोकळी का? गर्दी पाहून गाणं बदलणं हेच तर डीजेचं काम. २० च्या २० बांधून दिली की फ्लोअर रिकामा होत असतानाही तो तुमचंच पुढचं गाणं लावणार.

प्रत्येक गाण्याला तीन प्रश्न विचारा. पहिल्या १० सेकंदांत ते ओळखू येतं का? ओळखलं की लोक खुर्ची सोडतात. आलाप ४० सेकंद चालला तर अर्धे पुन्हा बसतात. गाणं चांगलं असून सुरुवात लांब असेल तर ते टाकून देऊ नका, नुसतं "मुखड्यापासून" असं लिहा. दुसरं, आजी समोर बसली असताना त्याचे बोल ऐकवतील का? हे वाचून कळत नाही. गाणं शेवटपर्यंत, अंतऱ्यासकट, मोठ्याने ऐका. मुखडा साधा आणि दुसरा अंतरा शिवराळ अशी पंजाबी आणि हिंदी रॅपची गाणी पुष्कळ आहेत. तिसरं, ते दोन पिढ्यांना माहीत आहे का? फक्त विशीतल्यांचं गाणं वाजलं की फ्लोअरवर सहा जण उरतात.

मग लय मोजा. यंत्र लागत नाही: घड्याळ समोर ठेवा, गाण्यावर टाळ्या वाजवा, १५ सेकंदांतल्या टाळ्या मोजून ४ ने गुणा. २४ टाळ्या आल्या तर ९६, ३१ आल्या तर १२४. प्रत्येक गाण्यासमोर आकडा लिहा. डीजे दोन गाणी जोडताना त्यांचा वेग थोडा वरखाली करतो. पाच-सहा टक्क्यांपर्यंत कानाला कळत नाही, त्यापुढे गायकाचा आवाज विचित्र वाटू लागतो. ९५ च्या गाण्यामागे १०० चं सहज बसतं. ९५ मागे १२८ चं मागितलं तर जोड बसत नाही. एक गाणं तोडून दुसरं लावावं लागतं, आणि त्या दोन सेकंदांच्या शांततेत लोक पाणी प्यायला जातात. म्हणून सारख्या लयीची तीन-चार गाणी एका जुडीत बांधा आणि जुडीमागून जुडी चढवत न्या: आधी ९०-१००, मग १००-११०, मग १२० च्या वर. दोन वेगवान जुड्यांनंतर एक गाणं मुद्दाम संथ, जुन्या काळचं ठेवा. त्यावर काका-मावशी उठतात, तरुण श्वास घेतात. वेगवान गाण्यांच्या तीन जुड्या सलग लावल्या की चौथीला कुणातच त्राण उरत नाही.

आता भाषा. नागपूरच्या लग्नात मराठी-हिंदी मिसळूनच चालतं, त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. मात्र व्याही कुठले आहेत ते पाहा. सोयरिक जरीपटक्यातल्या सिंधी घराशी असेल, इतवारीतल्या मारवाडी घराशी असेल किंवा छत्तीसगड-बालाघाटकडची असेल, तर त्यांच्या भाषेतली दोन-तीन गाणी १२ मध्ये असलीच पाहिजेत. ती आपल्या मनाने यूट्यूबवरून शोधू नका. त्या घरातल्या एखाद्या वहिनीला फोन करून विचारा. पाहुणे सगळी संध्याकाळ दुसऱ्यांच्या गाण्यांवर टाळ्या वाजवतात, आपलं एक गाणं लागलं की अख्खं घर उठून येतं. यादीतली सगळ्यात हमखास चालणारी गाणी हीच असतात.

जागेचाही विचार करा. लॉनवर आवाज पसरून जातो, बेस विरतो. ढोल-ताशाचा ठोका स्पष्ट असलेली गाणी तिथे चालतात. पत्र्याच्या किंवा घुमटाच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, भरभर शब्दांची गाणी एकात एक मिसळून नुसता गोंगाट होतो. तिथे कमी वाद्यांची, मोकळ्या ठेक्याची गाणी घ्या.

यादी लिहिण्याची पद्धत

"झिंगाट लावा" एवढं पुरत नाही. 'सैराट'मधलं मूळ मराठी गाणं २०१६ चं, आणि २०१८ च्या 'धडक'मध्ये त्याचंच हिंदी रूप आहे. डीजेच्या संगणकात दोन्ही असतात, शिवाय चार-पाच रिमिक्स. तो घाईत जे पहिलं सापडेल ते लावतो, आणि मराठी बोल ओठांवर घेऊन उठलेली गर्दी गोंधळते. म्हणून ओळ अशी लिहा:

झिंगाट / सैराट / मराठी मूळ, रिमिक्स नको / सुरुवातीपासून / ९.३० ला

नाव, चित्रपट किंवा गायक, कोणतं रूप, कुठून सुरू, केव्हा. पाच गोष्टी, याच क्रमाने. जोडप्याच्या प्रवेशाचं गाणं असेल तर नेमका सेकंद द्या, "१ मिनिट १२ सेकंदांपासून" असा. नवरी दारात उभी आणि गाणं अजून प्रस्तावनेतच, हे टाळायचा दुसरा उपाय नाही.

याच कागदाच्या मागे "हे वाजवू नका" अशी पाच-सात गाणी लिहा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर त्यांचं आवडतं गाणं, विरहाची गाणी, ज्या गाण्यावरून मागच्या लग्नात भांडण झालं ते. हा मागचा कागद पुढच्यापेक्षा जास्त कामाचा आहे, आणि बहुतेक घरं तो देतच नाहीत. कारणं लिहायची गरज नाही.

फाइल कशा द्याव्या

लॉन शहराबाहेर असेल आणि ८०० माणसं एकाच टॉवरवर असतील तर ऐन वेळी इंटरनेटवरून गाणं वाजत नाही, मध्येच गोल फिरत राहतं. जे गाणं डीजेकडे नाही ते चार दिवस आधी फाइल म्हणून द्या. गाण्यांच्या अॅपमध्ये "डाउनलोड" केलेलं गाणं त्या अॅपबाहेर चालत नाही, ती फाइल नव्हेच. विकत घेतलेली एमपी३ लागते, ३२० केबीपीएसची (हा आकडा जितका मोठा तितका आवाज कमी दाबलेला). १२८ केबीपीएसची फाइल मोबाइलवर चांगली वाटते, पण मोठ्या स्पीकरवर झांजा आणि टाळ्या पाण्यात बुडाल्यासारख्या ऐकू येतात. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला की त्याचा आवाजही दाबला जातो. ऑडिओ फाइल "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

चित्रपटाच्या व्हिडिओतून काढलेल्या गाण्यात मध्येच संवाद येतात. रिमिक्समध्ये तर दर अर्ध्या मिनिटाला ते बनवणाऱ्या डीजेचं नाव ओरडून येतं, आणि ते नेमकं जोडप्याच्या प्रवेशावर येतं. "स्लो" आणि "लोफाय" रूपंही याच घाईत शिरतात. ती रात्री एकट्याने ऐकायला ठीक, नाचाला नाहीत. म्हणून प्रत्येक फाइल शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय पाठवू नका. १२ गाणी ऐकायला पाऊण तास लागतो.

पेन ड्राइव्ह द्यायचा असेल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, कारण डीजेचे बरेच प्लेअर दुसरा प्रकार वाचत नाहीत. फाइलींची नावं ०१, ०२ अशा आकड्याने सुरू करा. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर हीच नक्कल करून ती घरच्या माणसाच्या खिशात ठेवा. संगीताच्या कार्यक्रमातले घरच्यांचे नाच असतील तर प्रत्येक नाचाची एकच जोडलेली फाइल द्या, सुरुवातीला तीन सेकंद शांतता ठेवून, म्हणजे नाचणाऱ्यांना जागेवर उभं राहायला वेळ मिळतो.

लग्न सोडून वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा कंपनीची पार्टी असेल तर आणखी एक काम वाढतं. वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. बाकी पार्ट्यांना ती लागू नाही, गाणी वाजवायचा परवाना लागतो. तो जागावाल्याकडे आहे का, हे आधी विचारा.

ऐन वेळच्या फर्माईशी

कितीही नीट यादी दिली तरी लोक टेबलाकडे येणारच, आणि यावंच. पाहुण्यांना गाणं मागावंसं वाटणं हे लग्न रंगल्याचं लक्षण आहे. फक्त डीजेपर्यंत एकच माणूस पोचू द्या. तो नवरदेवाचा मित्र नसावा, त्याला सगळ्यांना हो म्हणावं लागतं. तिशीतली, दोन्ही घरं ओळखणारी एखादी चुलतबहीण किंवा भाऊजी उत्तम. त्यांच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन. मागणारा चिठ्ठीवर गाणं लिहितो, ते पाहतात: मागच्या कागदावर आहे का, वाजून गेलंय का, लयीत बसतं का. मग डीजेसमोर ठेवतात आणि केव्हा लावायचं ते तो ठरवतो. "आत्ताच लावा" ही मागणी कुणाचीही असो, चालू गाणं मध्येच तोडायचं नाही.

एकच गाणं पुन्हा पुन्हा मागितलं जातं. नियम ठेवा: एकदा पूर्ण, आणि वेळ उरला तर शेवटच्या दहा मिनिटांत फक्त मुखडा. गाण्यासाठी डीजेच्या हातात नोटा देणं सुरू झालं की पुढची यादी पैसे देणाऱ्याची होते. हे डीजेला आधीच, बुकिंगच्या वेळी, शांतपणे सांगून ठेवा. आणि माइक फर्माईशीसाठी कुणालाही देऊ नका. एकदा दिलेला माइक परत मिळायला तीन गाणी जातात.

९.३० ला त्या चुलतबहिणीने घड्याळ पाहून उरलेल्या चिठ्ठ्या मोजायच्या. उरलेली मिनिटं भागिले अडीच, एवढ्याच चिठ्ठ्या ठेवायच्या. बाकीच्यांना जाऊन सांगायचं की आज होणार नाही. वाट पाहत उभं ठेवण्यापेक्षा ते बरं.

पाठवणीचा कागद सहावा. त्यावर एकही गाणं नसतं, वर मोठ्या अक्षरांत "डीजे बंद" लिहायचं आणि तोही डीजेच्या टेबलावर चिकटवायचा. नाहीतर नवरी आईच्या गळ्यात असते, डीजेचा मुलगा वायरी गुंडाळता गुंडाळता एखादं रडवणारं गाणं लावून देतो, आणि दहा वाजून गेलेले असतात.